डॅनिश शिल्पकार आने मारी कार्ल-नील्सन : जनावरं घडवणाऱ्या या बाईबद्दल कुणाला जास्त माहिती आहे का?

माती_डिचोली

नमस्कार सगळ्यांना, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज.

आमची घरची चित्रशाळा आहे, चवथीचे गणपती करतो, आजोबांपासून चालत आलंय. लहानपणापासून माझ्या वाट्याला उंदीर, मोर आणि पंचमीचे नाग यायचे, त्यामुळे असेल पण माझा हात जनावरांवरच बसलाय. सीझन संपला की उरलेल्या चिकणमातीतून मी गायी, वासरं, म्हशी, कुत्री करते. मध्ये एका छोट्या प्रदर्शनात चार कामं ठेवली होती, तिथे एका जाणत्या माणसाने सगळं नीट बघितलं आणि म्हणाले की हात चांगला आहे गो तुझा, पण हे सरावाचं काम झालं, आता माणसाची मूर्ती घे करायला, खरी कला तिथे कळते. ते प्रेमाने बोलले, मला त्यांचा राग नाही, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मग मी जनावरांची शिल्पं करणाऱ्या बायका कोण कोण होत्या ते शोधायला लागले आणि ही डेन्मार्कची आने मारी कार्ल-नील्सन सापडली. 1863 चा जन्म, शेतकऱ्याची मुलगी, आणि 1889 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिला ब्रॉन्झ मेडल मिळालं ते कशासाठी तर वासरांच्या शिल्पांसाठी! त्यातलं एक वासरू स्वतःचं अंग चाटतंय. मी ते फोटोत बघितलं आणि किती वेळ बघतच राहिले, मान अशी मागे वळवलीय की पाठीचा सगळा कणा तुम्हाला कातडीखाली कळतो.

तर मला विचारायचंय की त्या काळात बायकांना आर्ट कॉलेजात घेत नव्हते म्हणतात मग ही शिकली कुठे आणि कशी, आणि पुढे तिने म्हणे राजाचा घोड्यावरचा पुतळा केला, तो कसा काय मिळाला तिला? कुणी कोपनहेगनला जाऊन बघितलाय का तो? जे काय माहीत असेल ते लिहा, मला सगळं हवंय.

---

निवृत्त_कलाशिक्षक_फोंडा

बाय, चांगला विषय काढलास. आमच्या वेळी आर्ट हिस्टरीच्या तासाला रोदँ आला, मायकेलअँजेलो आला, डेन्मार्कचा आला तर फक्त थोरवाल्डसन. ही बाई मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर मी बरंच वाचलं, म्हणून सविस्तर लिहितो.

तिचं माहेरचं नाव ब्रोडरसन. डेन्मार्कच्या दक्षिणेला कोल्डिंग शहर आहे, त्याच्या जवळ सॉनर स्टेनरप नावाच्या गावात त्यांची मोठी शेती, गायी-घोडे भरपूर. ती वर्षाची असताना 1864 ची लढाई झाली, डेन्मार्क हरला, श्लेसविग-होल्स्टाइनचा सगळा मुलूख गेला आणि नवी सरहद्द जवळजवळ त्यांच्या दाराशी आली. त्या शेतावर ती लहानपणी मातीची जनावरं करायची. म्हणजे तुझ्यासारखंच, पुस्तकातून नव्हे तर गोठ्यातून सुरुवात. पुढे 1880 च्या सुमारास ती श्लेसविगला लाकडावरचं कोरीवकाम शिकायला गेली, मग 1882 ला कोपनहेगनला.

आता तुझा मुख्य प्रश्न. कोपनहेगनची रॉयल अकॅडमी 1754 ची, पण तिथे मुलींना प्रवेश नाही. म्हणून ती आउगुस्त सोब्यु नावाच्या शिल्पकाराकडे शिकली, कोपनहेगनच्या राजबागेत परीकथा लिहिणाऱ्या हान्स अँडरसनचा जो बसलेला पुतळा आहे तो या सोब्यूचा. 1884 ला, म्हणजे विशी-एकविशीत, कोपनहेगनला शार्लोटेनबोर्ग म्हणून वाडा आहे तिथल्या कलाप्रदर्शनात तिचं काम पहिल्यांदा लागलं. अकॅडमीने बायकांसाठी शाळा काढली ती 1888 ला, तीसुद्धा वेगळी, पुरुषांच्या वर्गात नाही, आणि ती निघावी म्हणून योहाने क्रेब्स या चित्रकार बाईने आणि तिच्या मैत्रिणींनी फार पाठपुरावा केला होता. आने मारी तिथे थोडा काळ गेली पण तोपर्यंत ती तयार कलाकार झालेली. पॅरिसचं मेडल त्याच सुमाराचं. म्हणजे क्रम बघ, आधी काम, आधी प्रदर्शन, आणि शाळेचं दार मागाहून उघडलं.

आता ते सरावाचं काम म्हणतात त्याबद्दल. युरोपातल्या अकॅडम्यांमध्ये शेकडो वर्षं अशी उतरंड लावलेली होती की सगळ्यात वर इतिहास आणि पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्र, आणि प्राणी, फळं-फुलं वगैरे खाली. बायकांना नग्न मॉडेल समोर ठेवून अभ्यास करायची परवानगी नव्हती, त्यामुळे माणसाच्या मोठ्या मूर्तीकडे जायची वाटच बंद होती आणि मग प्राणी-फुलं करतात म्हणून त्यांनाच खालचा दर्जा द्यायचा! हे मला कायम अन्यायाचं वाटत आलंय. तुझ्याशी जे गृहस्थ बोलले त्यांच्या तोंडून ती जुनी उतरंडच बोलत होती. तू मनावर घेऊ नकोस. माणसाची मूर्ती करायची तर कर, पण वासरू ही तिची पायरी नाहीये.

---

तारवटी_वास्को

मी क्रूझवर आहे, इंजिन साइडला, कोपनहेगनला आमची बोट बऱ्याच वेळा लागते. लांगेलिनीच्या धक्क्यावर उतरलं की सगळे पॅसेंजर आणि आमचे क्रूवाले पण छोट्या जलपरीच्या पुतळ्याकडे पळतात, ती एडवर्ड एरिक्सनची, 1913 ची, सव्वा मीटरची आहे, बघून लोक म्हणतात एवढीच? पण तिथून शहराकडे चालत निघालात, किल्ल्याच्या बाजूने, तर ग्रॉनिंगन म्हणून रस्ता आहे ऑस्टरपोर्ट स्टेशनच्या अलीकडे, तिथे एक घोडा आहे आणि घोड्यावर उघडा पोरगा बसून पावा वाजवतोय. तो या बाईचा आहे. मला पहिल्यांदा माहीत नव्हतं, मी नुसता घोड्यासाठी थांबलो होतो कारण घोडा असा वर ताणलेला आहे की आता हा जागेवरून सुटणार असं वाटतं. खालची पाटी वाचली तर कार्ल नील्सन नाव. तो तिचा नवरा, डेन्मार्कचा मोठा संगीतकार, आणि हे त्याचं स्मारक आहे, 1939 साली बसवलंय. घोडा म्हणजे पेगॅसस, ग्रीक पुराणातला पंखवाला घोडा, पण इथे पंख नसलेला.

राजाचा पुतळा पण बघितलाय. क्रिस्टियान्सबोर्ग म्हणून राजवाडा आहे जिथे त्यांची पार्लमेंट बसते, त्याच्या मागच्या बाजूला घोड्यांचं मोठं मोकळं मैदान, त्या मैदानात राजा नववा क्रिस्टियान घोड्यावर. तिकीट वगैरे काही नाही, सरळ आत जाता येतं, आणि राजघराण्याच्या घोड्यांचे तबेले तिथेच बाजूला, नशीब असेल तर खरे घोडे फिरवताना पण दिसतात त्याच मैदानात. मी बराच वेळ खालून घोड्याची छाती आणि मान बघत होतो. राजा ताठ बसलाय पण पुतळ्याचा जीव घोड्यात आहे, हे माझं मत.

अजून एक, बंदरातल्या कालव्याच्या कडेला ब्लॅक डायमंड म्हणून काळ्या ग्रॅनाइटची लायब्ररी आहे, तिथे हिची सुद्धा एक जलपरी आहे. मूळ काम 1921 चं आणि तिथली प्रत 2009 साली बसवली. ती एरिक्सनच्या जलपरीसारखी शांत लाजरी नाही, पाण्यातलं जनावर आत्ता बाहेर आलंय आणि बिचकलंय अशी आहे. मला तीच जास्त आवडते. तिथे गर्दी पण नसते.

---

माती_डिचोली

सर, काका, देव बरें करूं! सर, तुम्ही क्रम सांगितलात ना, आधी काम आणि मागाहून शाळा, ते वाचून मला खरंच धीर आला.

काका पुढच्या वेळी बोट लागली तर त्या पंख नसलेल्या घोड्याचे मागून आणि खालून फोटो काढाल का? नेटवर सगळे समोरूनच काढतात, मला मागच्या पायांचे सांधे बघायचेत.

आणि राजाच्या पुतळ्याबद्दल एक वाचलं की कॉम्पिटिशन 1908 ला जिंकली आणि पुतळा बसला 1927 ला. एकोणीस वर्षं?? एका घोड्याला? आणि मधे नवरा, मुलं, घर सगळं असणारच की. हे कसं निभावलं असेल.

---

पियानो_म्हापसा

मी संगीताच्या बाजूने या बाईपर्यंत पोचले, त्यामुळे नवऱ्याकडची गोष्ट मी सांगते.

कार्ल नील्सन गरीब घरातला, फ्युन बेटावरच्या खेड्यातला, वडील रंगारी आणि गावच्या लग्नांत व्हायोलिन वाजवणारे. दोघांची भेट पॅरिसला झाली, 2 मार्च 1891, दोघंही स्कॉलरशिपवर. आणि लग्न कधी? 10 मे ला, त्याच वर्षी, फ्लॉरेन्सच्या इंग्लिश चर्चमध्ये! दोन महिने झाले होते ओळखीला. मग 1891, 93 आणि 95 ला तीन मुलं. आणि ती काम थांबवत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लग्नानंतर शिल्प सोडलेल्या कितीतरी बायका असतील त्या काळात, हिने सोडलं नाही, महिनोन्महिने घरापासून लांब राहून काम केलं, आणि त्याबद्दल तेव्हाही बोलणी खाल्ली असतील, आजही तिच्यावर लिहिताना लोक आधी मुलांचं काय झालं ते विचारतात. नवरा टूरवर असायचा तेव्हा कुणी विचारलं का?

1903 ला तिला ग्रीसला जायला मिळालं. अथेन्सला अॅक्रोपोलिसवरच्या म्युझियममध्ये ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांच्या प्रती करत बसायची, त्यात तो तीन धडांचा टायफॉन राक्षस, खाली सापाच्या शेपट्या. नवरा बरोबर गेला, त्याला तिथल्या कंझर्वेटरीत पियानो असलेली खोली मिळाली आणि तिथून समोर समुद्र आणि अॅक्रोपोलिस. त्या खोलीत त्याने हेलिओस ओव्हर्चर लिहिलं, सूर्य एजियन समुद्रावर उगवतो, माथ्यावर येतो आणि मावळतो, एवढंच आहे त्यात. साधारण बारा मिनिटांचं आहे, सुरुवातीला हॉर्न एकामागून एक जागे होतात, जरूर ऐका. बायको दिवसभर म्युझियममध्ये माती-रंगात आणि नवरा वर खोलीत सूर्य लिहितोय, तो काळ त्यांचा फार चांगला गेला असावा असं मला ते ऐकताना नेहमी वाटतं.

पुढे मात्र बिघडलं. राजाच्या घोड्यासाठी ती जर्मनीत त्सेलेला जाऊन राहिली होती, तिथे घोड्यांच्या पैदाशीचं मोठं केंद्र आहे, आणि 1914 च्या सुमारास तिला कळलं की इकडे नवऱ्याचं मुलांना सांभाळणाऱ्या बाईशी प्रकरण आहे. शिवाय बाहेर त्याची मुलंही होती. तिने ते गिळून गप्प बसायचं नाकारलं. 1919 ला कायदेशीर विभक्त झाले. 1922 ला परत एकत्र आले. तर ती जी एकोणीस वर्षं तुम्ही म्हणताय त्यात हे सगळं आहे, वर पहिलं महायुद्ध आहे. तरी घोडा उभा राहिला.

1931 ला तो गेला. त्याच्या थडग्यावरचं शिल्प तिचं, त्याच्या गावातला पावा वाजवणाऱ्या मुलाचा पुतळा तिचा, आणि काकांनी सांगितलेलं ते मोठं स्मारक पण तिचंच. ज्याने एवढं दुखवलं त्याचं स्मारक ती स्वतःच्या सत्तरीत घडवते. याला मी नुसती क्षमा म्हणणार नाही, तिला त्याच्या संगीताची किंमत माहीत होती आणि स्वतःच्या हाताचीही.

---

गोठा_सत्तरी

माझा कलेशी काही संबंध नाही, वीसेक जनावरं आहेत, त्यात आपल्या गोव्याच्या श्वेता कपिला जातीच्या गायी पण आहेत. ताईंनी वासराचं लिहिलंय म्हणून तो फोटो शोधून बघितला.

हे शिल्प करणाऱ्या बाईने वासरं नुसती बघितलेली नाहीत, ती वासरांमध्ये वाढलेली आहे, हे कुठलाही गवळी सांगेल. वासरू अंग चाटायला मान फिरवतं तेव्हा फक्त मान फिरत नाही, पूर्ण कणा धनुष्यासारखा वाकतो, आतल्या बाजूला बरगड्यांवर कातडीला घड्या पडतात आणि बाहेरच्या बाजूची कातडी ताणून बसते. वजन बाहेरच्या पायांवर जातं. नवीन माणूस वासरू करतो तेव्हा लहान गाय करतो, तिथे चुकतं. वासराचे पाय अंगाच्या मानाने लांब असतात, गुडघे जाड, धड आखूड, आणि पाठीमागचं हाड, म्हणजे कमरेचं, वर दिसतं कारण अजून मांस भरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट, गाय उठताना आधी मागचे पाय उचलते मग पुढचे, घोडा उलटा, आधी पुढचे पाय टाकतो. चित्रांत मी हे किती वेळा चुकीचं बघितलंय. जो माणूस बसलेलं जनावर करतो त्याला हे माहीत पाहिजे कारण ते कुठल्या क्षणी उठेल ते बसण्यातच दिसतं.

ताई, तुम्हाला बघायला यायचं असेल तर वाळपईच्या बाजूला आहे आमचं, सकाळी धार काढून झाल्यावर वासरं सोडतो तेव्हा या. घाई नको, दुपारपर्यंत थांबा. वासरू पोटभर प्यायलं की मगच असं आरामात चाटत बसतं.

---

आर्किटेक्ट_मडगाव

सगळं वाचलं, छान चाललंय. पण एक वेगळं मत मांडतो. मला तिची वासरं आवडतात, राजाचा पुतळा नाही. राजाला घोड्यावर बसवणं म्हणजे शेवटी सत्तेचं काम. आपल्याकडे पण प्रत्येक सर्कलला एक अश्वारूढ पुतळा आहे आणि बहुतेकांचे घोडे बघवत नाहीत. तिच्यासारख्या बाईने त्यात एकोणीस वर्षं घालवली याचं मला वाईट वाटतं, तेवढ्या वेळात जनावरांची किती कामं झाली असती.

---

निवृत्त_कलाशिक्षक_फोंडा

तुमचं म्हणणं समजलं पण मी सहमत नाही. अश्वारूढ पुतळा ही शिल्पकलेतली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मानाची ऑर्डर समजली जायची, आणि ती कायम पुरुषांना मिळायची. तिने स्पर्धेत उतरून ती जिंकली. डेन्मार्कमध्ये राजाचा असा पुतळा करणारी ती पहिली बाई. आणि बघा हं, ज्या प्राणी-शिल्पाला हलकं म्हणत होते त्याच्याच जोरावर ती तिथे पोचली, कारण घोडा जमणारा शिल्पकार मिळणं कठीण असतं. माणूस अनेकांना जमतो. तुम्हीच म्हणताय की आपल्याकडच्या पुतळ्यांचे घोडे बघवत नाहीत, ते त्यामुळेच, सगळं लक्ष स्वाराच्या चेहऱ्यावर आणि तलवारीवर, आणि खालचं जनावर लाकडी. 1927 लाच तिला इन्जेनियो एत आर्ती हे राजाकडून दिलं जाणारं कलेचं पदक मिळालं, पण पदकापेक्षा मोठी गोष्ट ही की तो घोडा देशाच्या पार्लमेंटच्या मागे उभा आहे आणि त्याच्यावर बाईची सही आहे.

वर पियानोवाल्या ताईंनी अथेन्सचं लिहिलं त्यात एक भर घालतो, कारण ती आपल्या डिचोलीच्या बायला कामाची आहे. आने मारी तिथे नुसत्या प्रती करत नव्हती, त्या शिल्पांवर जुन्या रंगांचे जे अवशेष होते ते बघून रंगासकट प्रती करत होती. लोकांना वाटतं ग्रीक शिल्प म्हणजे पांढरा संगमरवर. तसं नव्हतं, ती शिल्पं रंगवलेली असायची, निळी दाढी, लाल अंग. म्हणजे चित्रकाराचं आणि शिल्पकाराचं काम त्यांच्याकडे वेगळं नव्हतं. आणि आपल्याकडे काय आहे? मूर्ती माती, वर रंग, शेवटी डोळे, सगळं एकाच हाताने, एकाच चित्रशाळेत. आर्ट कॉलेजात गेलेल्या मुलांना मी बघितलंय, रंगवलेली मूर्ती म्हणजे कारागिरी आणि बिनरंगाची म्हणजे कला असं मनात घेऊन बाहेर पडतात. घरचं जे आहे त्याची लाज धरू नये, हे मी त्यांना सांगत आलो.

डेन्मार्कला रीबे नावाचं जुनं शहर आहे, तिथल्या कॅथेड्रलच्या एका दाराचे ब्रॉन्झचे दरवाजेही तिचे, 1904 चे. त्या दाराला तेराव्या शतकातली सिंहाच्या तोंडाची कडी आहे. जुन्या सिंहाच्या शेजारी आपलं काम बसवायचं, सोपं नसतं ते.

---

रेखा_पणजी

उशिरा येतेय. दोन-तीन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून.

ती एकटी मोठी झाली आणि विसरली असं नाही झालं. डेन्मार्कमध्ये 1915 ला बायकांना मताचा हक्क मिळाला आणि लगेच 1916 ला तिने, हेल्विग किंक आणि मारी हेन्रिक्स वगैरेंनी मिळून महिला कलाकारांची संघटना काढली, ती आजही चालू आहे. अकॅडमीच्या समित्यांवर, प्रदर्शनांच्या निवडीत बायका असाव्यात यासाठी त्या भांडल्या. 1920 ला कोपनहेगनच्या डेन फ्री या प्रदर्शनाच्या इमारतीत बायकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं, आधीच्या पिढ्यांतल्या विसरल्या गेलेल्या बायकांची कामं शोधून काढून. ही हेल्विग किंक पण घोड्यांसाठी ओळखली जाणारी चित्रकार बरं का, नवरा पुरातत्त्वज्ञ, त्याच्याबरोबर ऱ्होड्स बेटावर उत्खननाला असायची.

आणि वाट मोकळी झाली म्हणजे काय ते बघायचं तर हेलन शाउ हे नाव शोधा. 1905 चा जन्म. तिने ऑर्हुसला दहाव्या क्रिस्टियानचा अश्वारूढ पुतळा केला, 1955 साली, आणि रँडर्सला 1969 मध्ये एक घोडा केला, जटलंडचा तो थोराड ओढकामाचा घोडा, राजा नाही, स्वार नाही, नुसता घोडा शहराच्या मध्यभागी. आर्किटेक्ट साहेब, तुम्हाला हवं होतं ना ते हे.

आपल्याकडे बायकांमध्ये आंजेला त्रिंदाद होती, चित्रकार, वडील आंतोनियो त्रिंदाद पण नामवंत. त्या दोघांची चित्रं पणजीत फोंताइन्यशला फुंदासांव ओरियेंत या संस्थेत आहेत. जनावरं नाहीत त्यात फारशी, पण बापाच्या सावलीतून मुलगी स्वतःची शैली कशी काढते ते बघायला तरी जा. आणि जनावरंच बघायची तर रिवणजवळ उसगाळीमळला जा, कुशावती नदीच्या काठावर जांभ्या दगडात बैल कोरलेत, प्रागैतिहासिक काळातले. दोन-चार रेषा आहेत फक्त, पण वशिंड आणि शिंगं अशी पकडलीत की बैल ओळखायला एक क्षण लागत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं असताना, डोक्यावर ऊन आलं की रेषा गायब होतात. तांबडी सुर्लाच्या महादेवाला गेलात तर खांबाच्या पायथ्याशी बघा, हत्ती घोड्याला तुडवतोय असं कोरलंय, आणि मंडपातल्या नंदीला डोकं राहिलेलं नाही तरी बसण्यात किती वजन आहे ते बघा. सत्तरीच्या दादांनी उठण्या-बसण्याचं लिहिलं ते मला लगेच तो नंदी आठवून पटलं.

---

माती_डिचोली

मी एवढी अपेक्षाच केली नव्हती, सगळ्यांचे खूप आभार. रेखाताई, उसगाळीमळ आमच्याकडून लांब आहे पण जाणार, नक्की. दादा, मी आणि माझी आते बुधवारी सकाळी वाळपईला येतो चालेल का, मेसेज करते.

मडगावच्या सरांना एक सांगायचं होतं. मला पण आधी वाटलं की राजाच्या पुतळ्यात काय आहे. पण त्सेलेचं वाचलं तेव्हा लक्षात आलं की ती राजासाठी नाही गेली तिथे, ती घोड्यासाठी गेली. घरदार लांब ठेवून, घोडे बघायला. मी तिच्या जागी असते तर मी पण गेले असते.

सर, आता तांत्रिक शंका. मला त्या चाटणाऱ्या वासरासारखं उभं वासरू करायचंय, कॉपी नाही, माझंच, साधारण दोन फुटांचं. गणपती बसलेला असतो त्यामुळे खाली सगळा भार पाटावर येतो, पण चार बारीक पायांवर एवढी ओली माती राहत नाही, आतापर्यंत दोन्ही वासरं पोटातून बसली. हे मोठे शिल्पकार काय करतात?

---

निवृत्त_कलाशिक्षक_फोंडा

पायांवर भार टाकायचाच नाही. जाड फळी घे, तिच्यातून एक लोखंडी पाइप उभा काढ जो वासराच्या पोटात जाईल, सगळं वजन त्या पाइपवर. पाइपच्या टोकाला आडवी सळी बांध, ती पाठीच्या कण्याच्या वळणात आधीच वाकवून घे, कारण माती चढवल्यावर कणा वळवता येत नाही. पायांना जाड ॲल्युमिनियमची तार, ती हाताने वाकते म्हणून सांधे मागाहून थोडे हलवता येतात. पोटाच्या पोकळीत तारेने लाकडाचे छोटे क्रॉस लटकव, माती त्यांना धरून राहते आणि खाली सरकत नाही. रात्री ओलं फडकं आणि वर प्लास्टिक.

मात्र हे भाजता येणार नाही हे लक्षात ठेव. सुकताना माती आकसते, लोखंड आकसत नाही, तडे जातात. म्हणून अशा मॉडेलवरून प्लास्टरचा साचा घेतात आणि मग त्यातून ब्रॉन्झ, फायबर, जे परवडेल ते. भाजायचंच असेल तर आत लोखंड नको, पोटाखाली मातीचाच तात्पुरता खांब ठेव, चामड्याइतकं घट्ट झालं की वासरू कापून आतून पोकळ कर, भिंत सगळीकडे बोटभर ठेवून परत जोड, आणि हवा जायला कुठेतरी भोक ठेव. पावसाळ्यात घाई करू नकोस, आपल्याकडच्या दमट हवेत आतली माती बाहेरून वाटते त्यापेक्षा फार उशिरा सुकते.

वाळपईला जाशील तेव्हा वही घेऊन जा आणि पाठीचा कणा फक्त वरून, उभं राहून काढ. बाजूने सगळेच काढतात.

---

गोठा_सत्तरी

बुधवार चालेल. वरून बघायचं तर गोठ्याच्या मागे दगडी पायऱ्या आहेत, तिथे उभं राहिलं की खालची वासरं बरोबर दिसतात. आठच्या आधी नको, तेव्हा ती पीत असतात.

---

तारवटी_वास्को

बोट परत तिथे लागली की फोटो टाकतो. मागचे पाय, खालून, दोन्ही बाजूंनी. राजाच्या घोड्याचे पण काढू का?

---

माती_डिचोली

काढा काका. शेपटीच्या मुळाशी जवळून एक.